नकाशालाही उपसंपादक हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या पहिल्या पानावर रस्ते अपघातांतील मृत्यूंचा जिल्हावार नकाशा चार कॉलमांत छापून आला. फिकट गुलाबीपासून गडद लालपर्यंत छटा, आणि मथळ्यात ‘सर्वाधिक धोकादायक जिल्हे’. ज्यांनी तो अंक हातात घेतला त्यांनी बातमी वाचण्याआधी आपला जिल्हा शोधला असणार. मी नकाशे काढण्याचेच काम करते. पूर्वी ट्रेसिंग कागदावर शाईच्या पेनने, आता बरीच वर्षे जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीच्या सॉफ्टवेअरवर. मुलामुलींना ते शिकवतेही. त्यामुळे माझी नजर आधी सूचीकडे, म्हणजे कोणती छटा काय सांगते ते लिहिलेल्या चौकटीकडे गेली. सूचीत मृत्यूंची नुसती संख्या होती. तिला लोकसंख्येने भागलेले नव्हते, वाहनांच्या संख्येने नाही आणि रस्त्यांच्या लांबीनेही नाही. कुठे जास्त माणसे राहतात, एवढेच तो नकाशा सांगत होता. धोका कुठे जास्त, हे त्यातून कळायला मार्गच नव्हता.

आकडे घेऊन सांगते. समजा, एका जिल्ह्यात ९० लाख लोक राहतात आणि वर्षभरात ९०० जण अपघातात गेले. दुसऱ्यात ९ लाख लोक आणि १८० मृत्यू. संख्येवर रंग भरला की पहिला जिल्हा गडद लाल होतो आणि दुसरा फिकट गुलाबी. दर काढला की पहिल्यात लाखामागे १० मृत्यू येतात आणि दुसऱ्यात २०. म्हणजे जिथे माणसाच्या जिवाला दुप्पट धोका आहे, तिथल्या वाचकाला नकाशाने ‘तुमच्याकडे ठीक चालले आहे’ असे सांगितले. तिथल्या एखाद्या अधिकाऱ्याने तो नकाशा बैठकीत पुढे केला तर त्याला दोष कसा द्यायचा? संख्याच दाखवायची असेल तर त्यासाठी वेगळी रीत आहे: प्रत्येक जिल्ह्यावर संख्येच्या प्रमाणात लहानमोठे वर्तुळ काढावे. पूर्ण जिल्हा रंगाने भरायचा, म्हणजे शाळेच्या भूगोलात ज्याला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात तो काढायचा, तर दर, टक्केवारी किंवा घनता हवी. ही काही आजची अपेक्षा नाही. छटांनी भरलेला असा पहिला ज्ञात नकाशा फ्रान्सच्या शार्ल द्युपँ यांनी १८२६ साली शिक्षणाच्या प्रसारावर काढला, आणि त्यातही त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलांचे लोकसंख्येशी असलेले प्रमाणच घेतले होते.

एका नकाशावरून भांडायला हे पत्र लिहीत नाही. वार्ताहराची बातमी छापून येईपर्यंत तिच्यावरून किती डोळे फिरतात हे आपण माझ्याहून चांगले जाणता. उपसंपादक आकडा ताडून पाहतो, मुद्रितशोधक वेलांटी तपासतो, मथळा बातमीच्या पुढे धावतो आहे असे वाटले तर कोणीतरी अडवते. नकाशा मात्र ग्राफिक्स विभागातून थेट पानावर जातो, कारण त्याला चित्र समजले जाते. माझी विनंती इतकीच आहे की तो मजकूर समजा. त्यात विधाने असतात, ती खरी किंवा खोटी असू शकतात, आणि बातमीतल्या वाक्यापेक्षा ती जास्त लोकांच्या मनात जास्त काळ राहतात.

सॉफ्टवेअर ही जबाबदारी घेणार नाही. ते आपल्याला कुठेच थांबवत नाही, म्हणून हे तपशिलात लिहिते. सीमांचा थर, म्हणजे जिल्ह्यांच्या सीमारेषांची फाइल उघडा, तिला आकड्यांचा तक्ता जोडा, रकाना निवडा, ‘वर्गवारी’ म्हणा. क्षणात रंगीत नकाशा समोर येतो. रकाना संख्येचा आहे की दराचा, हे ते विचारत नाही. किती वर्ग आणि कोणत्या पद्धतीने पाडायचे याचे उत्तर त्याने आधीच भरून ठेवलेले असते, आणि घाईत असलेला माणूस ते तसेच राहू देतो.

या वर्गांमुळे किती फरक पडतो, तेही पाहा. दहा जिल्ह्यांचे दर असे धरा: ४, ६, ७, ८, ९, ११, १२, १४, ३१ आणि ६०. पाच छटा वापरायच्या आहेत. समान अंतराची पद्धत निवडली तर सॉफ्टवेअर ४ ते ६० या पट्ट्याचे पाच सारखे तुकडे करते. पहिल्याच तुकड्यात, म्हणजे सर्वांत फिकट छटेत, आठ जिल्हे जाऊन बसतात. ३१ आणि ६० एकेकटे पडतात आणि दुसरी आणि चौथी छटा नकाशावर कुठेच दिसत नाही. नकाशा म्हणतो, ‘सगळे शांत, दोनच ठिकाणी आग.’ आता तेच आकडे समान संख्येच्या पद्धतीने वाटा, म्हणजे प्रत्येक छटेत दोन-दोन जिल्हे. ३१ आणि ६० यांना एकच गडद रंग मिळतो, जरी एकात दर दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. उलट ८ आणि ९ या शेजारच्या आकड्यांना वेगवेगळे रंग मिळतात, आणि दोन जिल्ह्यांच्या सीमेवर वाचकाला असा फरक दिसतो जो जमिनीवर नाही. तिसरी पद्धत जॉर्ज जेंक्स या अमेरिकी नकाशातज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. ती आकड्यांत जिथे नैसर्गिक खिंड पडते तिथे वर्ग तोडते. तिने ४-६, ७-८-९, ११-१२-१४, मग एकटा ३१ आणि एकटा ६० असे गट पडतात. या दहा आकड्यांपुरती मला तीच प्रामाणिक वाटते. पण तिची अडचण अशी की पुढच्या वर्षीच्या आकड्यांवर ती वेगळ्या ठिकाणी तोडेल, आणि दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवून तुलना करता येणार नाही. मालिका चालवायची असेल तर वर्ग एकदा विचार करून हाताने ठरवावेत आणि सर्व वर्षांना तेच लावावेत. आकडे तेच, जिल्हे तेच, रंगही तेच असताना तीन बातम्या निघू शकतात. त्यांतली कोणती छापायची हा निर्णय संपादकीय आहे. तो सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगवर सोडू नये.

रंगांबद्दल थोडक्यात. कमी-जास्त दाखवायचे असेल तर एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा घ्याव्यात. इंद्रधनुष्याचे सगळे रंग ओळीने लावले तर पिवळा मोठा की हिरवा, हे वाचकाला दर वेळी सूचीत जाऊन पाहावे लागते. लाल-हिरव्याची जोडी तर टाळावीच. हा भेद न दिसणारे पुरुष पुष्कळ आहेत. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या सिंथिया ब्रूअर यांनी ‘कलरब्रूअर’ नावाच्या छटांच्या जोड्या तयार करून सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. रंगांधळ्या वाचकाला कोणत्या चालतील, छपाईत कोणत्या टिकतील, फोटोकॉपीत कोणत्या ओळखू येतील, हे तिथे नोंदलेले असते. बहुतेक जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये त्या आतच मिळतात. आपली आतली पाने कृष्णधवल असतात, तेव्हा पाचाऐवजी चार छटा ठेवल्या तरी वाचकाचे भले होईल.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती कोऱ्या जागांची. ‘शून्य’ आणि ‘माहिती नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या जिल्ह्याचा आकडा आलाच नाही त्याला सर्वांत फिकट छटा दिली की तो सर्वांत सुरक्षित ठरतो. अशा जागी करडा रंग किंवा तिरप्या रेघा द्याव्यात आणि सूचीत ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहावे. यातल्या बऱ्याच कोऱ्या जागा आकडे नसल्यामुळे पडतच नाहीत. त्या पडतात जोडणीत. सीमांच्या थरात जिल्ह्याचे नाव एका प्रकारे लिहिलेले असते आणि तक्त्यात दुसऱ्या. एक जादा मोकळी जागा, एक ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, की सॉफ्टवेअर ती दोन वेगळी नावे समजते आणि रकाना मुकाट्याने रिकामा सोडते. मराठीत तर डोळ्यांना न दिसणारा फरकही असतो. ‘पायऱ्या’ या शब्दातला ऱ्य संगणकावर दोन वेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो. छापल्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण आत साठवलेली चिन्हे वेगळी असतात आणि जोडणी फसते. म्हणून जोडणी नावांवर करू नये, सरकारी संकेतांकांवर करावी, आणि जोडणीनंतर किती ओळी जुळल्या नाहीत हे मोजल्याशिवाय नकाशा पुढे पाठवू नये. जिल्ह्यांचे विभाजन झाले असेल तर आकडे कोणत्या सीमांच्या काळातले आहेत हेही इथेच तपासले जाते.

फाइलच्या प्रकाराचाही मराठीशी संबंध येतो. शेपफाइल हा जुना प्रकार अजून सर्वत्र फिरतो. त्यात रकान्याच्या नावाला जेमतेम १० बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या सध्याच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे तीन चिन्हे. ‘लोकसंख्या’ असा रकाना केला तर ‘लोक’ उरतो. मग लोक इंग्रजी आद्याक्षरे वापरू लागतात, आणि वर्षभराने तो रकाना कशाचा होता हे करणाऱ्यालाही आठवत नाही. जिओपॅकेज हा नवा खुला प्रकार २०१४ पासून आहे, त्याला असली मर्यादा नाही. मराठीत माहिती जपायची असेल तर तिकडे वळावे.

आता प्रक्षेपण. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना काहीतरी ताणले जातेच. काय ताणू द्यायचे ते आपण निवडायचे असते. आंतरजालावरचे बहुतेक सरकते नकाशे मर्केटर नावाच्या प्रक्षेपणाच्या एका रूपात असतात. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली हे प्रक्षेपण खलाशांसाठी रचले, दिशा राखण्यासाठी, आणि त्या कामाला ते उत्तमच आहे. क्षेत्रफळाची मात्र त्यात वाताहत होते. ६० अंश अक्षांशावर प्रत्येक प्रदेश चौपट दिसतो. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. हे उत्तरेकडचे प्रकरण आहे असे समजून सोडून देता येत नाही, कारण महाराष्ट्राच्या आसपासच्या २० अंशांवरही क्षेत्रफळ सुमारे १३ टक्क्यांनी फुगते. त्या नकाशावर सपाट मोजमाप करून कोणी जळालेल्या जंगलाचे किंवा बुडालेल्या शेतीचे हेक्टर काढले, तर १०० च्या जागी ११३ येतील आणि तोच आकडा बातमीत जाईल. क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळ काढण्याच्या दोन वाटा शेजारी-शेजारी आहेत. एक पृथ्वीचा गोलावा लक्षात घेते, दुसरी नकाशाला सपाट कागद मानते, आणि थर अक्षांश-रेखांशांत असेल तर ही दुसरी वाट उत्तर चक्क चौरस अंशांत देते. बातमीत हेक्टर येताना ते कोणत्या वाटेने आले, एवढे विचारायला हवे. छटांचा जागतिक नकाशा छापायचा तर क्षेत्रफळ राखणारे प्रक्षेपण घ्यावे. २०१८ साली मांडलेले ‘इक्वल अर्थ’ हे त्यांपैकी एक, ते मोफत सॉफ्टवेअरमध्येही आहे आणि पानावर देखणे दिसते.

वृत्तपत्रांच्या जगात या बाबतीत घडलेला एक प्रसंग मी दर वर्षी वर्गात सांगते. मे २००३ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाने उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांचा पल्ला समकेंद्री वर्तुळांनी दाखवला होता. खालचा नकाशा मर्केटरच्या धाटणीचा. गोलावर एका बिंदूपासून सारख्या अंतरावर असणारी रेषा अशा सपाट नकाशावर वर्तुळ राहत नाही. ती ध्रुवाकडे ताणली जाते, आणि पल्ला फार मोठा असेल तर बंद आकारही उरत नाही. त्यामुळे छापलेल्या वर्तुळांबाहेर सुरक्षित दिसणारे मोठे भूभाग प्रत्यक्षात पल्ल्यात होते. वाचकांनी लक्षात आणून दिल्यावर साप्ताहिकाने त्याच महिन्यात दुरुस्त नकाशा छापला. मला त्या साप्ताहिकाचा आदर वाटतो तो या दुरुस्तीसाठी. आपल्याकडे चुकीच्या नावाचा, चुकीच्या पदाचा खुलासा छापण्याची चांगली प्रथा आहे. चुकीच्या नकाशाचा खुलासा माझ्या तरी वाचनात आलेला नाही.

ठिकाणे दाखवणाऱ्या नकाशांचे प्रश्न वेगळे. अक्षांश-रेखांश लिहिले म्हणजे जागा पक्की झाली असे नाही. ते पृथ्वीच्या कोणत्या गणिती आकारावर मोजले, तेही लागते. ग्रीनिचच्या वेधशाळेत जमिनीवर धातूची शून्य रेखांशाची रेषा आहे. तिच्यावर उभे राहून जीपीएस पाहिले तर शून्य येत नाही. ते येते सुमारे १०० मीटर पूर्वेला. टोकियो परिसरात जुन्या आणि नव्या मोजमापांतला फरक ४०० मीटरहून अधिक होता, आणि जपानने २००२ मध्ये पूर्ण देशाची मोजणी नव्या आधारावर नेली. जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशावरून उचललेले बिंदू आजच्या उपग्रह चित्रावर टाकताना हा फरक आठवला नाही, तर पूल नदीच्या बाजूला पडतो आणि विहीर शेजारच्या शेतात जाते. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल, किंवा रिकामा रकाना शून्य समजला जाणे, या तर रोजच्या गोष्टी. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, जिथे दोन्ही शून्य होतात तिथे जगभरातल्या हरवलेल्या नोंदी जमा होतात. छापण्याआधी नकाशा एकदा पूर्ण जगाएवढा लहान करून पाहिला की असे भरकटलेले बिंदू लगेच दिसतात. एवढी सवय ग्राफिक्स विभागाने लावून घेतली तरी पुष्कळ काम होईल.

बिंदूंच्या नकाशात माणसे असतात, हेही इथेच लिहायला हवे. डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीत प्रत्येक मृत्यू त्या-त्या घरापाशी दाखवला आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती मृत्यू दाटलेले सर्वांना दिसले. तो नकाशा आजही शिकवावा असाच आहे. पण आजची साथ दाखवताना घराघरांवर टिंब टाकून छापणे मला मान्य नाही. मोठ्या प्रमाणाच्या, म्हणजे थोडा परिसर मोठा करून दाखवणाऱ्या नकाशावर टिंब कोणत्या इमारतीवर आहे हे शेजारी ओळखतात, आणि त्या घरातल्या माणसांना ते भोगावे लागते. सॉफ्टवेअरमध्ये बिंदू षट्कोनी जाळीत किंवा वॉर्डात एकत्र मोजण्याची सोय आहे. बातमीला तेवढा तपशील पुरतो.

प्रमाणाबद्दल एक बारीक गोष्ट. ‘१ : ५०,०००’ असे आकड्यांत लिहिलेले प्रमाण नकाशा मूळ आकारात असेपर्यंतच खरे. आपण तो तीन कॉलमांतून दोन कॉलमांत आणलात, किंवा वाचकाने मोबाइलवर बोटांनी मोठा केला, की ते खोटे होते. म्हणून वर्तमानपत्रात प्रमाणाची पट्टीच हवी, नकाशाबरोबर ती लहानमोठी होते.

आणि आता ज्या विषयाकडे मराठी वृत्तपत्रांनीच लक्ष द्यायचे आहे, तो: नकाशावरची मराठी अक्षरे. नावे कशी मांडायची याचे बहुतेक सगळे संकेत रोमन लिपीसाठी घडलेले आहेत. तिथे देशाचे नाव मोठ्या लिपीत, गावाचे छोट्या लिपीत, पाण्याचे तिरप्या अक्षरांत, आणि पर्वतरांगेचे नाव अक्षरे दूरदूर पसरून तिच्या लांबीभर लिहितात. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाही. अक्षरे पसरली की शिरोरेषा तुटते आणि नावाचे तुकडे हवेत लोंबकळतात. वाचणाऱ्याला तो एक शब्द आहे हेच कळत नाही. तिरपे अक्षर देवनागरीत यंत्राने वाकवलेले असते, त्याला घडीव रूप क्वचितच असते. नदीच्या वळणाबरोबर नाव वळवायला सांगितले तर काही सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर सुटे करून फिरवते, आणि मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे आपापल्या अक्षरांपासून निसटतात. हे सगळे आपल्या पानांवर मी पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी जीव तुटला आहे.

यावर उपाय आहेत, आणि ते आपणच शोधायचे आहेत. शब्द कधी फोडू नये. रांग लांब असेल तर नाव दोन-तीन ठिकाणी पुन्हा लिहावे. नदीचे नाव तिच्या जरा सरळ भागाला समांतर, अख्खे एका रेषेत बसवावे. पाण्याची नावे निळ्या रंगाने वेगळी करावीत, तिरपेपणाने करू नयेत. नावांची उतरंड आकार आणि ठळकपणा यांनी दाखवावी. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार यांसाठी उंची लागते, म्हणून रोमनमध्ये जे अक्षर सहा पॉइंटांत वाचता येते ते मराठीत आठांखाली नेऊ नये. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते. बारीक अक्षरात ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ एकच होतात, अनुस्वार तर पहिल्यांदा जातो. अक्षरांभोवती पांढरी कड देतात तीही बेताची असावी, नाहीतर एका ओळीची कड वरच्या ओळीचे उकार खाऊन टाकते. जागा कमी पडत असेल तर चार नावे गाळावीत. वाचता न येणारी वीस नावे ठेवण्यापेक्षा वाचता येणारी सोळा बरी.

खर्चाचे कारण यात येत नाही. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर गॅरी शेरमन यांनी २००२ मध्ये सुरू केले. ते मोफत आहे आणि जगभरचे स्वयंसेवक व संस्था ते वाढवतात. पायाभूत थरांसाठी २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला जगाचा खुला नकाशा आहे, त्यात प्रत्येक ठिकाणाला मराठी नावासाठी वेगळी जागा असते. जगाच्या लहान प्रमाणाच्या नकाशांसाठी ‘नॅचरल अर्थ’ या खुल्या संग्रहाचे थर कोणालाही कसेही वापरता येतात. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे २००८ पासून खुली आहेत, १९७२ पासूनचा साठा त्यात आहे. मात्र आजच्या लँडसॅट चित्रांतला एक ठिपका जमिनीवरचे साधारण ३० मीटर गुणिले ३० मीटर असतो, युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा सर्वांत बारीक ठिपका १० मीटरचा. त्यांवरून धरणाचे पाणी किती आटले हे सांगता येते. कोणाच्या अंगणातले झाड तुटले हे सांगता येत नाही. बातमीत ‘उपग्रहाने टिपले’ असे लिहिताना कोणत्या उपग्रहाने आणि कोणत्या तारखेला, हे लिहिलेच पाहिजे, कारण पावसाळ्याआधीचे चित्र आणि नंतरचे चित्र यांत अख्खी टेकडी रंग बदलते.

माझे मागणे म्हणून हे: प्रत्येक नकाशाखाली बारीक टाइपात दोन ओळी. आकडे कोणाचे आणि कोणत्या वर्षाचे. सीमा कोणत्या वर्षाच्या. दर असेल तर कशाने भागून काढला. वर्ग कोणत्या पद्धतीने पाडले. जागतिक नकाशा असेल तर प्रक्षेपण कोणते. ओपनस्ट्रीटमॅपचा थर वापरला असेल तर त्याच्या योगदात्यांचा उल्लेख, कारण त्याच्या परवान्याची ती अट आहे आणि ते काम लोकांनी आपला वेळ देऊन केले आहे. संकेतस्थळावरच्या आवृत्तीत नकाशामागचा तक्ताही जोडता येईल. ज्याला पडताळायचे तो पडताळेल. आणि पानावर जाण्यापूर्वी ज्याने तो नकाशा केला नाही अशा एका उपसंपादकाने त्याची सूची मोठ्याने वाचावी. ‘लाखामागे’ हा शब्द तिथे नसेल तर त्याने विचारावे.

देवनागरी नावांसाठी माझ्या विद्यार्थ्यांनी आणि मी क्यूजीआयएसमध्ये एक शैली-फाइल तयार केली आहे. गाव, तालुका, जिल्हा, नदी, डोंगर यांची नावे वर सांगितलेल्या रीतीने, वृत्तपत्राच्या कागदाला सोसतील अशा आकारांत ती मांडते. आपल्या ग्राफिक्स विभागाला हवी असल्यास कळवावे, विनामूल्य पाठवीन; त्यांनी तिच्यात बदल करून इतर वृत्तपत्रांना दिली तरी माझी हरकत नाही. कृष्णधवल पानासाठीचे रूप अजून पक्के झालेले नाही. त्यासाठी आपल्या छपाईचे नमुने, विशेषतः आठ-नऊ पॉइंटांतली अक्षरे करड्या छटेवर कशी उमटतात ते, मिळाले तर काम लवकर होईल.

आपली,
नकाशे काढणारी व शिकवणारी एक वाचक